गाडीतळ ते वाहनतळ : एका शब्दातला इतिहास

१/ ‘वाहनतळ’ हा शब्द ऐकायला सरकारी आणि नवा वाटतो. पण त्यातला ‘तळ’ जुना आहे. फौजा, तांडे आणि यात्रेकरू जिथे उतरत, तो तळ. पुण्यात हडपसरच्या ‘गाडीतळ’ या नावात बैलगाड्यांच्या मुक्कामाची आठवण आजही टिकून आहे.

२/ सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद पाहा. खानदेशातल्या जळगावाशी गल्लत होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्याला जोडले गेले. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता. डोंगरापलीकडे बुऱ्हाणपूर, हे मोगलांचे दक्षिणेतील प्रमुख ठाणे. अलीकडे खामगावची कापूसपेठ.

३/ त्या काळी गाड्यांची सोय कशी होई? बुऱ्हाणपूरची अकबरी सराई आणि अजिंठ्याजवळ फर्दापूरची औरंगजेबकालीन सराई याचे उत्तर देतात. भक्कम भिंत, भव्य दरवाजा, मधोमध मोकळे अंगण आणि कडेने कमानीदार खोल्या. अंगणात जनावरे व माल, खोल्यांत माणसे. रात्री दरवाजा बंद. वाहन, माल आणि मुसाफिर या तिघांचा विचार एकाच आराखड्यात झालेला होता.

४/ १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वे सुरू झाली. कापसाचा लांबचा प्रवास आगगाडीकडे गेला. तरी शेतापासून पेठेपर्यंतची वाट बैलगाडीचीच राहिली. म्हणून बाजाराच्या गावी बैलांना पाणी आणि गाडीवानाला सावली हवीच होती.

५/ आता पुण्याची मंडई पाहा. १८८६ च्या या वास्तूजवळ १९१५ साली ‘आर्यन’ चित्रपटगृह सुरू झाले. आज त्या जागी वाहनतळ आहे. गाड्यांना जागा मिळाली. मात्र शहराच्या करमणुकीच्या इतिहासाचा एक ठावठिकाणा पुसला गेला.

६/ उद्या जळगाव जामोदसारख्या गावात सार्वजनिक वाहनतळाची इमारत उभारायची झाली, तर दर्शनी भागावर एखादी कमान चिकटवून स्थानिक संस्कृती अवतरणार नाही. वऱ्हाडच्या उन्हात वारा खेळवणारे मधले अंगण, कडेने बसायला ओवरी, पिण्याचे पाणी, आठवडी बाजाराला आलेल्या बाईला गाठोडे टेकवायला कट्टा आणि चार ओळींत गावाच्या वाटांचा इतिहास सांगणारा फलक, एवढे पुरे आहे.

७/ सराई बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : गाडी थांबली की तिच्यातून माणूस उतरतो. आपल्या वाहनतळांच्या नकाशात त्या माणसासाठी किती चौरस फूट राखलेले असतात?