प्रसूति-भत्त्याचा भार कोणी वाहावा? : मुंबई इलाख्यातील १९२९ चा कायदा आणि त्याचा वारसा

कामगार-स्त्रीस बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळावी, आणि त्या विश्रांतीच्या दिवसांत तिची चूल बंद पडू नये, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. मतभेद आहे तो निराळ्या मुद्द्यावर. त्या दिवसांचे वेतन कोणी द्यावयाचे? तिला कामावर ठेवणाऱ्या मालकाने, सर्व मालकांनी मिळून उभारलेल्या विमा-निधीने, की सरकारने? एकाच देशात एका स्त्रीस भरपगारी सहा महिने मिळतात आणि दुसरीस एक दिवसही मिळत नाही, या विषमतेचे मूळ बऱ्याच अंशी या अनिर्णित प्रश्नात आहे. मुंबई इलाख्यात हा प्रश्न १९२८-२९ साली प्रथम स्पष्टपणे उपस्थित झाला. म्हणून त्या कायद्याचा इतिहास केवळ पुराणवस्तुसंशोधनाचा विषय ठरत नाही.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिविषयक करार संमत केला. प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवड्यांची रजा त्यात सांगितली होती. त्याहून महत्त्वाचे असे की, या काळातील साहाय्य सार्वजनिक निधीतून किंवा विम्याच्या पद्धतीने द्यावे, असेही त्यात म्हटले होते. एकेकट्या मालकाच्या तिजोरीवर त्याचा भार टाकण्याची कल्पना त्या करारात नव्हती. या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी उपस्थित होते. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला नाही. पुढे १९२४ साली जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूति-भत्त्याचे विधेयक आणले, परंतु १९२५ साली ते फेटाळले गेले.

या काळात मुंबईच्या कापड-गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील बहुसंख्य रीळ व वाइंडिंग या खात्यांत उक्त्या दराने काम करीत. त्यांची भरती नायकिणीच्या हाती असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी अहवाल सादर केला. आईस कामावर जाता यावे म्हणून तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देण्याची चाल किती सर्रास होती, हे त्या अहवालाने उघडकीस आणले. टाटा आणि करीमभाई यांच्या व्यवस्थेखालील काही गिरण्यांनी त्याच सुमारास स्वेच्छेने प्रसूति-भत्त्याच्या योजना सुरू केल्या होत्या. जमशेदपूरच्या पोलाद-कारखान्यातही १९२८ साली अशी तरतूद झाली. इतर बहुतेक गिरण्यांत मात्र काहीच नव्हते. एका फाटकाआड भत्ता आणि शेजारच्या फाटकाआड बिनपगारी गैरहजेरी, अशी स्थिती होती. मालकांच्या औदार्यावर विसंबण्याचा हाच स्वाभाविक परिणाम होय.

ही विषमता दूर करण्यासाठी आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे भाषण झाले. गिरण्यांतील सार्वत्रिक संप तेव्हा चालू होता. तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला, आणि मालक व कामगार यांचे संबंध अत्यंत ताणलेले होते. विधेयकावरील आक्षेप मुख्यतः दोन होते. शेतमजूर स्त्रियांस वगळून कारखान्यातील स्त्रियांनाच सवलत का, हा पहिला. आणि एकट्या मुंबई इलाख्यावर हा बोजा का, हा दुसरा. आंबेडकरांनी विधेयकास पाठिंबा दिला, आणि त्याबरोबरच भाराच्या वाटणीचा प्रश्नही टाळला नाही. मातेस प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोककल्याण हे प्रथमतः सरकारचे कर्तव्य असल्याने खर्चाचा बराचसा वाटा सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. तथापि मालकही सर्वस्वी मोकळा राहू शकत नाही. तो स्त्रियांस कामावर ठेवतो तो त्यापासून अधिक लाभ होतो म्हणूनच, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे त्यांच्या विवेचनात भागीदार दोन होते, राज्य आणि मालक.

१९२९ साली कायदा संमत झाला, पण त्यात भागीदार एकच उरला. प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार, असे एकूण सात आठवडे दररोज आठ आणे द्यावयाचे ते मालकाने. मुंबई शहरातील स्त्रियांच्या सरासरी रोजीपेक्षा हा दर कमी होता. सोलापूर वा खानदेशाकडे, जेथे रोजी मुळातच कमी, तेथे तोच दर मालकांस जड वाटे. १९३४ च्या दुरुस्तीने मुदत आठ आठवड्यांची झाली. त्याच दुरुस्तीने मुंबई, अहमदाबाद व कराची या शहरांबाहेर प्रत्यक्ष मिळकत किंवा आठ आणे यांपैकी कमी असेल ती रक्कम देय ठरली. मध्यप्रांताने १९३० साली, मद्रासने १९३४ साली, संयुक्त प्रांताने १९३८ साली व बंगालने १९३९ साली आपापले कायदे केले. त्या सर्वांत दायित्व मालकाचेच राहिले.

या व्यवस्थेतील दोष उघड आहे. भत्ता द्यावा लागतो तो स्त्री कामावर असेल तरच. म्हणून जितक्या स्त्रिया कमी, तितका खर्च कमी. पात्रतेसाठी ठराविक मुदतीची नोकरी आवश्यक असल्याने बदलीवर काम करणाऱ्या स्त्रीचा हक्क सहज हुकत असे. रजेच्या काळात बडतर्फीची नोटीस देण्यास कायद्याने मनाई केली होती. परंतु मुळात स्त्रीस कामावरच न घेण्यास कोणाचीच मनाई नव्हती. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढे घटत जाऊन १९७० च्या दशकात पाच टक्क्यांच्याही खाली आले. या ऱ्हासाचे खापर केवळ प्रसूति-भत्त्यावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. वाइंडिंग खात्यात आलेली जलद यंत्रे, कामगार-कपातीच्या योजना आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी, ही कारणे अधिक बलवत्तर असावीत. तथापि मालकाच्या हिशेबात भत्ता आणि पाळणाघर हे स्त्रियांच्याच नावे पडणारे खर्च होते, हेही विसरता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नास दोन भिन्न उत्तरे मिळाली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वॉशिंग्टन कराराचा मार्ग धरला. त्यात मालकाची वर्गणी स्त्री असो वा पुरुष, वेतनाच्या प्रमाणात सारखीच असते, आणि भत्ता निधीतून मिळतो. स्त्रीस नोकरी नाकारून मालकाची एक पैही वाचत नाही. ही योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ साली मुंबईत सुरू झाली. उलट १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने निरनिराळ्या राज्यांतील भेद मिटवून बारा आठवड्यांची मुदत ठरविली, पण दायित्वाच्या बाबतीत १९२९ चाच वारसा पुढे चालविला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही मुदत २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस पाळणाघर आवश्यक ठरले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये याच तरतुदी कायम आहेत. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

परिणामी मालकामालकांतील भेद नव्या रूपात उभा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत २००८ पासून १८० दिवसांची प्रसूति-रजा व शिवाय बालसंगोपन-रजा आहे, आणि पित्यास १९९७ पासून १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत पित्याच्या रजेची सक्ती नाही. झोमॅटो या कंपनीने २०१९ साली मातापिता दोघांनाही २६ आठवडे देऊ केले, ते स्वेच्छेने. विमा-योजनेची वेतनमर्यादा ओलांडणाऱ्या स्त्रीचा सारा भार तिच्या मालकावर पडतो, आणि लहान आस्थापनांस तो विशेष जाणवतो. शेतमजूर व घरकामगार स्त्रियांस तर मालकाकडून काहीच नाही; २०१७ पासून सरकारी योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये हाच त्यांचा मुख्य आधार. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने विशिष्ट मर्यादेच्या आतील स्त्रियांचे सात आठवड्यांचे वेतन मालकांस परत देण्याचा विचार जाहीर केला. १९२९ च्या कायद्यातील मुदतही नेमकी सात आठवड्यांची होती, आणि तेव्हा राज्याने त्यातील एका दिवसाचाही खर्च उचलला नव्हता.

रजेचे आठवडे सातांवरून सव्वीसांवर गेले, ही प्रगति निर्विवाद आहे. परंतु आठवडे वाढविणे आणि भार वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीकडे जितके लक्ष गेले तितके दुसरीकडे गेले नाही. जोपर्यंत मातृत्वाचा खर्च स्त्रीस नोकरी देणाऱ्याच्याच खात्यावर पडतो, तोपर्यंत रजेचा प्रत्येक वाढीव आठवडा नोकरी मिळालेल्या स्त्रीस लाभदायक आणि नोकरीच्या शोधात असलेल्या स्त्रीस अडचणीचा ठरण्याचा धोका राहतो. १९२८ साली सुचविलेली दुहेरी भागीदारी पूर्णत्वास नेणे, हे त्या कायद्याने मागे ठेवलेले अपुरे कार्य होय.