शेवयांचा पाट

स्मरणिकेत इतिहासावर लेख हवेत असे ठरले, तेव्हा किल्ले आणि राजे इतर भगिनींनी वाटून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. तेव्हा मी आपली शेवयांचा इतिहास लिहिते. त्यातला थोडा आमच्या घरातच घडला आहे.

दर चैत्रात सासूबाई बन्सी गव्हाचा रवा भिजवून, मळून पाटावर शेवया काढीत आणि मी त्या काठीवर वाळत घालीत असे. साठी उलटल्यावर त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोड वर्ज्य करून भात कमी करावयास सांगितले. शेवयांचे नाव त्यांनी घेतले नव्हते. आम्ही घरच्यांनीच त्या बंद केल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त एके दिवशी म्हणाल्या, "तो पाट कुणाला तरी देऊन टाक."

मधुमेह हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे आणि चरकाने प्रमेहात जवाचे अन्न सांगितले आहे. म्हणजे कोणते धान्य खावे हा विचार आपल्याकडे फार जुना. पाश्चात्त्य देशांत मात्र इन्शुलिन येण्याआधी अशा रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत. 1921 साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले आणि जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले.

त्याच टोरांटोत 1981 साली डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 62 पदार्थ माणसांना खाऊ घालून रक्तातील साखर मोजली. पिष्ट सारखेच ठेवले, तरी साखर सारखी चढली नाही! ग्लुकोज 100 धरले, तर पांढरा पाव 69 आणि इटालियन शेवया, म्हणजे स्पॅगेटी, 50. दोन्ही गव्हाचेच. शेवयांत कठीण गव्हाची चिवट प्रथिने पिष्टाला जाळ्यासारखी धरून ठेवतात, म्हणून ते हळूहळू पचते. मऊ शिजवून गाळ केला, की हा फायदा कमी होतो.

हे मुलाने वाचून दाखविले आणि साखर मोजण्याचे यंत्रही आणले. सणाला सासूबाईंनी हट्टाने गुळाची खीर खाल्ली, तेव्हा दोन तासांनी 262 भरली. पुढे एकदा मी आधी काकडीची कोशिंबीर वाढली. मग वाटीभर शेवयांत दुप्पट फरसबी, गाजर, मोडाचे मूग घालून उपमा केला. त्या दिवशी 171. दोन दिवसांच्या आकड्यांवरून मी कोणाला उपदेश करणार नाही. त्यांच्या गोळ्या चालूच आहेत आणि खीर मात्र खरोखरच बंद आहे.

पाट मी कोणाला दिला नव्हता, माळ्यावर ठेवला होता. यंदा तो पुसून खाली काढला. सासूबाईंनी आणलेला रवा चिमटीत चोळून पाहिला, जाडाभरडा आहे म्हणाल्या आणि मला परत दुकानात पाठविले.