जहाजाच्या कुशीवरची रेघ

मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं लाँचमधून जवळून पाहिली, तर त्यांच्या कुशीवर, बरोबर मध्यावर, एक गोल दिसतो. व्यास 300 मिलिमीटर. त्याला आरपार छेदणारी 450 मिलिमीटरची आडवी रेघ, आणि बाजूला फणीच्या दातांसारख्या काही लहान रेघा. हे सगळं नुसतं रंगवलेलं नसतं, तर पोलादावर कायमचं उठवून मग वर पांढरा किंवा पिवळा रंग दिलेला असतो. रंग उडाला तरी खूण जात नाही. गोलाच्या दोन अंगांना दोन अक्षरं असतात. ती ‘आय’ आणि ‘आर’ असली, तर मुंबईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगने ती जागा ठरवून दिली असं समजावं.

दर्यावरचे लोक या खुणेला प्लिमसोल म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव. सॅम्युएल प्लिमसोल खलाशी नव्हता, जहाजमालकही नव्हता. ब्रिस्टलमध्ये 1824 साली जन्मलेला हा गृहस्थ लंडनमध्ये कोळशाचा व्यापार करायचा. मध्यंतरी धंदा बसला, तेव्हा त्याला गरिबांच्या वस्तीत दिवस काढावे लागले. पुढे हात सावरले आणि 1868 साली तो डर्बीहून पार्लमेंटवर निवडून आला.

जहाज का तरंगतं, हे सिराक्यूसच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगून ठेवलं होतं. जहाजाचं मालासकट जेवढं वजन, तेवढ्याच वजनाचं पाणी ते बाजूला सारतं. एक टन माल चढवा, आणखी एक टन पाणी सरकेल इतकं ते खाली बसेल. पण हा हिशेब शांत पाण्याचा. समुद्रात जहाजाला वाचवते ती पाण्यावर उरलेली रिकामी उंची. नाळ लाटेत घुसली की हाच कोरडा भाग पाण्यात दबतो आणि जहाजाला परत वर उचलतो. ही उंची मालाने खाऊन टाकली तरी जहाज गोदीत तरंगतच असतं. घात होतो तो पहिल्या वादळात.

म्हणजे विज्ञान दोन हजार वर्षं हाताशी होतं. भरायचं कुठवर, हे मात्र मालकाची हाव ठरवत होती. मध्ययुगात व्हेनिसने जहाजांवर भाराची खूण करायला लावली होती. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये तसा कायदा नव्हता. कुजकी जहाजं काठोकाठ भरायची, विमा भरभक्कम उतरवायचा. पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. एकदा करारावर सही केली की खलाशाला माघार नव्हती. जहाज धोक्याचं दिसतं म्हणून चढायला नकार दिला, तर तुरुंग.

टाइन नदीकाठच्या न्यूकॅसलचा जेम्स हॉल स्वतः जहाजमालक. भाराची रेषा सक्तीची करा, ही मागणी त्याने आधीपासून लावून धरली होती. न्यायाने खुणेला त्याचंही नाव हवं होतं. पण नाव राहतं ते आरडाओरडा करणाऱ्याचं. प्लिमसोलने 1873 साली पुस्तक लिहून देश ढवळून काढला. 22 जुलै 1875 रोजी पंतप्रधान डिझरायलीने जहाजविषयक विधेयक त्या अधिवेशनापुरतं गुंडाळलं, तेव्हा प्लिमसोलचा तोल गेला. खलाशांना मृत्यूच्या तोंडी देणाऱ्या सभासदांना त्याने भर सभागृहात बदमाश म्हटलं. त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं. आठवड्याने त्याने माफी मागितली, पण तोवर लोकमत पेटलं होतं. सरकारने घाईघाईने तात्पुरता कायदा केला आणि 1876 साली रेषा सक्तीची झाली.

खरी गंमत पुढेच आहे. रेषा असलीच पाहिजे, असं कायदा म्हणाला. ती काढायची कुठे, हे मालकावर सोडलं! कार्डिफच्या एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली, अशी कथा सांगतात. जागा ठरवण्याचा अधिकार मालकाकडून काढून घ्यायला 1890 उजाडलं. 1930 साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजची व्यवस्था 1966 च्या करारावर चालते.

गोलाशेजारच्या लहान रेघाही याच करारात ठरलेल्या आहेत. गोड्या पाण्याची वेगळी, उष्ण कटिबंधाची वेगळी, उन्हाळ्याची, हिवाळ्याची. आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची सगळ्यांत खाली. एक घनमीटर गोडं पाणी 1000 किलो भरतं, समुद्राचं साधारण 1025. विहिरीपेक्षा समुद्रात पाठीवर पडून राहणं सोपं जातं, ते याच फरकामुळे. हुगळीकाठी कोलकात्याला भरलेलं जहाज खाऱ्या पाण्यात आलं की आपोआप थोडं वर उचललं जातं, म्हणून नदीत थोडं जास्त बसवलेलं चालतं.

आपला पावसाळाही या करारात आहे. अरबी समुद्रात 1 सप्टेंबर ते 31 मेपर्यंत उष्ण कटिबंधाची वरची रेघ चालते. 1 जून ते 31 ऑगस्ट उन्हाळ्याची खालची. दोहोंतलं अंतर जहाज पाण्यात जितकं बसतं त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकं, म्हणजे 12 मीटर बसणाऱ्या जहाजाला 25 सेंटिमीटर. आपले कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात, त्याच सुमाराला लंडनच्या करारानुसार जहाजंही हलकी होतात.

युद्धनौका, मासेमारीच्या बोटी आणि 24 मीटरपेक्षा आखूड नवी जहाजं यांना मात्र हा करार लागू नाही. खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या कुशीवर हा गोल शोधू नका. तिला किती माणसं न्यायचा परवाना आहे ते विचारा, आणि त्याहून जास्त चढलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट पाहा.