गळा एकाचा, देह दुसऱ्याचा

गेली काही वर्षं मी व्याख्यानांतून एक वाक्य ठासून सांगत आलो : मराठी नाटक कळसूत्री बाहुल्यांच्या पोटी जन्मलं. पुरावे दोन. एक, ‘सूत्रधार’ हा शब्द. दुसरा, विष्णुदास भाव्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या. ते वाक्य आज मागे घेतो.

आधी शब्दाचं पाहू. सूत्रधार म्हणजे बाहुल्यांचे दोरे धरणारा, म्हणून संस्कृत नाटकाचं मूळ बाहुल्यांत, अशी मांडणी रिचर्ड पिशेल या जर्मन पंडितानं १९०० साली केली. पण सूत्रधार हे सुताराचंही नाव आहे. त्याच्या हातातलं सूत मोजमापाचं. एका शब्दावर एवढी इमारत उभी राहत नाही.

आता सांगली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. तोच आपला रंगभूमी दिन. या खेळात पदं गायची ती सूत्रधारानं. राम, सीता, रावण त्यावर हावभाव करत आणि मधली भाषणं आयत्या वेळी रचून बोलत. गाणारा गळा एकाचा, देह दुसऱ्याचा! मी ही बाहुल्यांची खूण समजलो. पण यक्षगानातही भागवत गातो आणि पात्रं नाचतात. ही वाटणी सांगलीला मिळाली ती हाडामांसाच्या नटांकडून.

मग भाव्यांच्या बाहुल्या? त्या खऱ्याच. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून त्यांच्यावर ‘सीतास्वयंवर’ पुन्हा उभं केलं. ते शक्य झालं, कारण नाटकाचं गाणं मुळातच पात्रांच्या बाहेर होतं. पात्र लाकडाचं केलं तरी पदाला धक्का लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी कळसूत्रीचा खेळ असाच टिकवला. तिथले परशुराम गंगावणे २०२१ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले.

युरोपातही हे घडलं. १६०७ साली मांटुआत मॉन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला. तिथपासून बरोक काळातल्या संगीतिकांत ग्रीक-रोमन पुराणांतले देव गाऊ लागले. तो काळ सरल्यावर, १७७३ साली, हंगेरीतल्या एस्टरहाझाच्या वाड्यात हायडनची ‘फिलेमोन आणि बाउसिस’ सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर झाली. वेषांतर करून आलेल्या देवांचा पाहुणचार करणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची ही कथा. देव, माणसं सगळ्या दोरीच्या बाहुल्या, गाणारे वेगळे. सांगलीशी तिचा काही संबंध नाही. पण पुराणातला देव आणि लाकडी बाहुली यांचं जमतं, हे दोन्हीकडे दिसतं. देवाला चेहऱ्यावरचे बारकावे लागत नाहीत. एक ठाम मुद्रा पुरते.

हे पडताळायला मी जऊळक्यात पांगाऱ्याच्या लाकडाच्या दोन ओबडधोबड बाहुल्या केल्या आणि भजनी मंडळाला गायला बसवलं. धनुष्याच्या प्रसंगाला रामाच्या हाताची दोरी गुंतली. मी घामाघूम झालो. गाणाऱ्या बुवांनी शांतपणे तीच ओळ घोळवली, मृदंगवाल्यानं ठेका धरून ठेवला. दोरी सुटली, हात वर गेला, आणि बसलेल्या आयाबायांनी हात जोडले. कोणी हसलं नाही. दोरे माझ्या हातात होते, पण सूत्रधार बुवा होते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रं स्वतःच गाऊ लागली. गळा देहात आला, आणि आपण गायक-नटांच्या प्रेमात पडलो. त्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याच ओघात कळसूत्री हा पोरांचा खेळ ठरला, हे खटकतं. मीही तिला मान मिळावा म्हणून तिच्या पोटी अख्खं मराठी नाटक घालायला निघालो होतो. तिला आई ठरवायची गरज नव्हती. ती नाटकाची बहीण आहे, आणि बहिणीचा वाटा वेगळा असतो.