जनरल मार्शल : एक स्मरण

सेनापतीचे नाव बहुधा जिंकलेल्या लढायांमुळे लोकांच्या मुखी राहते. अमेरिकेचे जनरल जॉर्ज मार्शल यांचे नाव मात्र राहिले ते युद्धानंतरच्या कार्यामुळे.

१९३९ ते १९४५ या काळात ते सेनाप्रमुख होते. दोन लाखांहून लहान असलेली सेना त्यांनी ऐंशी लाखांवर नेली. १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजांचे आधिपत्य कोणाला द्यावे, हा प्रश्न आला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांची इच्छा विचारली. मार्शल यांनी ती सांगितली नाही. तो मान आयझेनहॉवर यांना मिळाला.

पुढे परराष्ट्रमंत्री या नात्याने ५ जून १९४७ रोजी त्यांनी उद्ध्वस्त युरोपला साहाय्य देण्याची कल्पना मांडली. १९४८ ते १९५२ पर्यंत सुमारे १,३०० कोटी डॉलर दिले गेले. काल शत्रू असलेल्या जर्मनीच्या पश्चिम भागालाही त्यात वाटा मिळाला. साम्यवादाला आवर घालणे, आपल्या मालाला गिऱ्हाईक राखणे, हे अमेरिकेचे हेतू त्यात होतेच. परंतु जिताकडून खंडणी घेण्याऐवजी त्याला उभे करण्यात जेत्याचेही हित असते, हे पहिल्या महायुद्धानंतर न उमगलेले सत्य या योजनेने ओळखले.

१९५३ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा सैनिकाला हा मान कसा, असे अनेकांनी विचारले. युद्धाची किंमत ज्याने थडग्यांच्या रांगांत मोजली, त्याला शांततेचे मोल अधिक कळते, हेच त्यास उत्तर होय.

१६ ऑक्टोबर १९५९ रोजी ते निवर्तले. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी लिहिण्यास त्यांनी नकार दिला होता आणि अंत्यविधी साधेपणाने व्हावा, असेही सांगून ठेवले होते. स्वतःविषयी इतक्या अबोल राहिलेल्या पुरुषाचे नाव त्या योजनेनेच जगाच्या मुखी ठेवले.