हंडा आणि नळी

छंदिष्ट माणसाची वही हा मोठा मनोरंजक दस्तऐवज असतो. अमेरिकेत असे हौशी लोक आढळतात की ज्यांच्या वहीची अर्धी पाने बिअरच्या आस्वादाने भरलेली असतात, तर उरलेल्या अर्ध्या पानांवर घरच्या घरी रायफल कशी जुळवावी याची टिपणे असतात. पहिल्या अर्ध्यात पेयाचा रंग, फेसाची घनता, जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा यांची नोंद. दुसऱ्या अर्ध्यात नळीतले सर्पिल आटे, चापाचा ताण, अक्रोडाच्या दस्त्याला द्यावयाचे तेल यांची. घरी बिअर आंबवण्याला तेथील संघराज्याने १९७८ साली कायद्याने मोकळीक दिली. स्वतःपुरती बंदूक घडवण्यासही संघीय कायद्याची सर्वसाधारण मनाई नाही. दोन्हींची मर्यादा एकच : स्वतःसाठी करावे, विकण्यासाठी नव्हे.

वरवर पाहता या दोन छंदांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु या वहीतील दोन नोंदी उचलून त्यांचा मागोवा घ्यावा. एक नोंद ट्रॅपिस्ट मठातील बिअरची आणि दुसरी सुट्या भागांतून जुळवलेल्या एफएएल रायफलीची. या दोन्ही वाटा युरोपातील एकाच चिमुकल्या देशात जाऊन पोहोचतात. तो देश बेल्जियम. आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा आणि परंपरेने कॅथलिक. या भूमीत दोन हस्तकला शेजारी-शेजारी वाढल्या, आणि दोन्ही ख्रिस्तसभेच्या छायेत वाढल्या. एकीला मर्यादा होती, दुसरीला नव्हती. या भेदाचा इतिहास आपल्याला विचार करावयास लावणारा आहे.

मद्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तरीही मठ आणि मद्य यांचे नाते समजून घ्यावयाचे तर सहाव्या शतकात जावे लागते. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तीत व्रतस्थाने स्वतःच्या हातांच्या कष्टांवर जगावे असा दंडक घातला आणि द्राक्षारसाचे रोजचे प्रमाणही ठरवून दिले. उत्तर युरोपच्या थंडीत द्राक्षवेल नीट धरत नव्हती. तेथे सातू पिकत होता. मोड आलेला सातू भाजून, पाण्यात उकळून आंबवला की पेय तयार होई. नवव्या शतकात काढलेल्या सेंट गॉल मठाच्या सुप्रसिद्ध आराखड्यात बिअर बनवण्याच्या खोल्या स्पष्ट दाखवल्या आहेत. हॉप या वेलीच्या फुलांचा कडवटपणा पेय नासू देत नाही, हे निरीक्षण बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन यांनी नोंदवून ठेवले. याच विदुषीला २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला.

आजच्या ट्रॅपिस्ट मठांची परंपरा मात्र त्यामानाने अलीकडची. १६६४ च्या सुमारास फ्रान्समधील ला ट्राप येथील मठाधिपती रांसे यांनी मठजीवनात कठोर सुधारणा घडवली. मौन, उपवास आणि अंगमेहनत यांवर भर दिला. फ्रेंच राज्यक्रांतीने या व्रतस्थांना देशोधडीला लावले. त्यांतील काही जण आजच्या बेल्जियममधील वेस्टमाल येथे १७९४ साली स्थिरावले. तेथील मठवासीयांनी स्वतः बनवलेली बिअर प्रथम १० डिसेंबर १८३६ रोजी जेवणासोबत घेतली. पुढे वेस्टव्लेटेरेन, शिमे, रोशफोर आणि आखेल येथील मठांतही तांब्याचे हंडे चढले. ऑर्वालची कथा याहून हृद्य आहे. बाराव्या शतकापासूनचा हा सिस्टर्शियन मठ १७९३ साली क्रांतिकारक सैन्याने जाळून उद्ध्वस्त केला. सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे केवळ भग्नावशेष उभे होते. १९२६ साली पुनर्बांधणी सुरू झाली आणि तिचा खर्च भागावा म्हणून १९३१ साली ब्रूअरी काढण्यात आली. म्हणजे तेथे बिअरच्या उत्पन्नातून मंदिराच्या भिंती उभ्या राहिल्या.

आस्वादकांना ऑर्वालचे विशेष आकर्षण वाटते. ही बिअर बाटलीत बंद झाल्यावरही जिवंत राहते. तीत घातलेले एका रानटी जातीचे यीस्ट आतल्या आत आपले काम चालू ठेवते. ताज्या बाटलीत हॉपच्या फुलांचा टवटवीत वास येतो. तीच बाटली सहा महिने तळघरात ठेवली तर गोडवा ओसरतो, आंबूस आणि मातकट छटा वर येतात. उत्तम कारागिरीत काळालाही काम करू द्यावे लागते, याचा हा नमुना. वेस्टमालने १९३४ साली बाजारात आणलेली सोनेरी 'ट्रिपल' तर पुढे अनेकांनी अनुकरलेला आदर्श ठरली. यात एक विसंगतीही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. १९१९ च्या कायद्याने बेल्जियमच्या गुत्त्यांत कडक दारू विकण्यास बंदी झाली, तेव्हा तिची उणीव तीव्र बिअरने भरून निघू लागली आणि मठांचीही चलती झाली. मठवासी स्वतःच्या जेवणात हलकी बिअर घेतात. तीव्र ती बाहेर विकली जाते. मठाचा झाला तरी हाही एक व्यापारच.

तथापि या व्यापाराला कुंपण आहे. बिअर मठाच्या आवारातच, मठवासीयांच्या देखरेखीखाली व्हावी. तिचे स्थान प्रार्थनाजीवनानंतरचे असावे. उत्पन्नातून निर्वाह आणि डागडुजी भागल्यावर उरेल ते दानधर्मात जावे, या अटी १९९७ साली स्थापन झालेल्या ट्रॅपिस्ट मठांच्या संघटनेने निश्चित केल्या. त्यांचे मूळ संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील सत्तावन्नाव्या अध्यायात आहे. तो अध्याय मठातील कारागिरांविषयी आहे. ज्या कारागिराला आपल्या कौशल्याचा गर्व होईल त्याला त्या कामावरून दूर करावे आणि मठाच्या वस्तू बाहेरच्यापेक्षा थोड्या स्वस्तच विकाव्यात, असे संतांनी सांगितले आहे. कौशल्याचीही परीक्षा घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आता दुसऱ्या वाटेने निघू. पूर्व बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या काठी लिएज हे प्राचीन शहर आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून १७९५ पर्यंत हे एक स्वतंत्र संस्थान होते आणि त्याचा राजा म्हणजे तेथील बिशप. एका हाती धर्मदंड, दुसऱ्या हाती राजदंड. डोंगरात लोखंड आणि कोळसा, शेजारी वेद्र नदीचा वेगवान प्रवाह. त्यात संस्थानाचे धोरण तटस्थतेचे. त्यामुळे लढणाऱ्या दोन्ही पक्षांना शस्त्रे विकण्यास मोकळीक. अशा भूमीत बंदुकीचा धंदा फोफावला नसता तरच नवल.

हा धंदा कारखान्यात नव्हे, घराघरांत चालत असे. शहरातील व्यापारी मागणी घेई आणि काम खेडोपाडी वाटून देई. वेद्रच्या खोऱ्यातील नेसोंवोसारख्या गावांत नळ्या घडत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या तापवायच्या, दोरासारखा पीळ द्यायचा, मग तो पीळ गजाभोवती गुंडाळून ऐरणीवर ठोकून सांधायचा. नळी घासून आम्लात बुडवली की तिच्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. हीच ती 'दमास्कस' नळी. एक घर नळीचे, दुसरे घोडा आणि चाप यांचे, तिसरे अक्रोडाच्या दस्त्याचे, चौथे नक्षीकामाचे. खिडकीपाशी शेगडा, हाती कानस आणि शेजारच्या खोलीत पाळणा. एकच बंदूक पुरी होईपर्यंत अनेक उंबरठे ओलांडून जाई. पण ती कोठे जाणार आणि कोणावर रोखली जाणार, हे त्या उंबरठ्यांपैकी एकालाही ठाऊक नसे.

बंदूक चालवणाऱ्याच्या हातात फुटू नये म्हणून १६७२ साली तत्कालीन राजा-बिशप मॅक्सिमिलियन हेन्री यांनी फर्मान काढले. प्रत्येक नळी नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून उडवून पाहावी आणि टिकली तरच तिच्यावर मोहोर उठवावी. लिएजचे हे परीक्षणगृह जगातील अत्यंत जुन्या अशा परीक्षणगृहांपैकी एक. फर्मान स्तुत्य खरे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न पाहा : ही नळी बंदूक धरणाऱ्याला इजा करील काय? नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा असेल हा प्रश्न त्या मोहोरेच्या कक्षेतच नव्हता. राज्य एका बिशपचे होते, तरीही नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांनी घरगुती कारागिरांवर मात केली. बेल्जियन सरकारला दीड लाख मॉझर रायफली हव्या होत्या. त्या पुरवण्यासाठी लिएजच्या बंदूक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन १८८९ साली जवळच्या एर्स्टाल येथे 'फाब्रिक नास्योनाल' म्हणजेच एफएन हा कारखाना काढला. पुढे अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांची पिस्तुले तेथे बनू लागली. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी यांना ठार करणारे पिस्तूल याच कारखान्यातले होते. त्या मरणासन्न दांपत्याला अंत्यसंस्कार देणारे येशूसंघीय धर्मगुरू अंटोन पुंटिगाम यांच्याकडे ते पिस्तूल पुढे आले. २००४ साली ऑस्ट्रियातील येशूसंघीयांनी ते व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाच्या स्वाधीन केले.

महायुद्धाचे खापर एका पिस्तुलावर फोडणे हा पोरकटपणा होईल. पण घटनांचा क्रम विसरताही येत नाही. सारायेव्होच्या घटनेला सहा आठवडे होण्यापूर्वीच, ४ ऑगस्ट रोजी, जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि त्याच्या तोफा प्रथम वळल्या त्या लिएजकडे. जगाला शस्त्रे पुरवणाऱ्या खोऱ्यावरच शस्त्रे उलटली. युद्ध लांबले, तांब्याची टंचाई झाली आणि जर्मनांनी ठिकठिकाणच्या ब्रूअऱ्यांतले हंडे उतरवले. १९१७ साली आखेल मठातील ब्रूअरी मोडून सुमारे सातशे किलो तांबे नेण्यात आले. ज्या धातूत सातू शिजत होता तो दारूगोळ्याच्या कामी लागला. आखेलमध्ये त्यानंतर पुन्हा बिअर बनली ती थेट १९९८ साली. वेस्टव्लेटेरेनचे हंडे मात्र वाचले. तो मठ जर्मनांच्या ताब्यात न गेलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात होता, आणि त्याच्या आवारात त्या काळी जखमी सैनिकांची शुश्रूषा चालली होती.

येथे आम्हां वसईकरांना आपल्या घंटांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या, आणि त्यांतील काही महाराष्ट्रातील देवळांतून अजूनही वाजतात. त्या गेल्याचे शल्य असेल. पण त्या घंटाच राहिल्या, त्यांच्या तोफा झाल्या नाहीत. आखेलच्या हंड्यांच्या नशिबी हे भाग्य नव्हते.

युद्धांनंतर दोन्ही कलांनी पुन्हा उभारी धरली, परंतु निरनिराळ्या रीतीने. एर्स्टालच्या कारखान्यात द्यूदोने सेव्ह यांनी एफएएल रायफल सिद्ध केली. ती नव्वदच्या आसपास देशांत पोहोचली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटाइन सैनिक याच जातीच्या रायफली एकमेकांवर रोखून उभे होते. तटस्थ लिएजची जुनी रीत ती हीच. आपल्या भारतीय जवानांच्या खांद्यावर कित्येक वर्षे असलेली एसएलआर हीदेखील एफएएलवरूनच बेतलेली होती. अमेरिकन छंदिष्टाच्या वहीतली रायफल तीच; अनेकदा सैन्याने मोडीत काढलेल्या बंदुकीचे भाग घेऊन तो ती घरी जुळवतो.

इकडे २००५ साली एका आंतरराष्ट्रीय रसिकमतदानात वेस्टव्लेटेरेनची बिअर जगात सर्वोत्तम ठरली आणि मठाच्या दारापुढे वाहनांची रांग लागली. कोणत्याही व्यापाऱ्याने अशा वेळी उत्पादन दुप्पट केले असते. मठवासीयांनी ते वाढवण्यास नकार दिला. आम्ही जगण्यासाठी बिअर करतो, बिअरसाठी जगत नाही, अशी त्यांची भूमिका होती. विकत घेणाऱ्याने ती पुन्हा विकू नये, ही अटही त्यांनी कायम ठेवली. २०११ साली मठाच्या बांधकामासाठी पैसा हवा होता, तेव्हा तेवढ्यापुरती अधिक विक्री केली आणि गरज भागताच हात आवरला.

हा हात आवरणे हीच या इतिहासाची शिकवण वाटते. नेसोंवोचा लोहार वेस्टमालच्या मठवासीयाहून कमी कुशल नव्हता, कमी कष्टाळू नव्हता; रविवारी तोही मिस्साला गुडघे टेकत असेल. उणे होते ते 'आता पुरे' असे सांगणाऱ्या नियमाचे, आणि आपल्या हातची वस्तू कोठे जाते हे विचारण्याच्या सवयीचे. कौशल्य म्हणजे सद्गुण नव्हे. ते जिभेला मोहवणारे पेयही घडवते आणि लहरींची नक्षी ल्यालेली नळीही.

आखेलमध्ये शेवटी मठवासीच उरले नाहीत, आणि २०२१ साली तेथील बिअरवरची ट्रॅपिस्ट मोहोर निघाली. हंडे जागेवर होते, कृती तीच होती. पण नियम पाळणारी माणसे नव्हती, म्हणून मोहोर उतरवली गेली. लिएजच्या परीक्षणगृहाची मोहोर नळीची ताकद सांगते. आखेलची मोहोर माणसांविषयी सांगत होती. आपल्या हातून जे जे घडते त्यावर यांपैकी कोणती मोहोर उठावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.