वसईतील उपवासकाळ आणि दुःखसहनाची परंपरा

वसईच्या ख्रिस्ती समाजात दुःखातून श्रद्धा पक्व होते ही शिकवण मुख्यतः उपवासकाळाच्या रिवाजांतून रुजली. राखेच्या बुधवारी सुरू होऊन पुनरुत्थानाच्या सणापाशी संपणाऱ्या, रविवार वगळता या ४० दिवसांत येशूचे दुःखसहन आठवायचे, उपास करायचा आणि गरजूंना दान द्यायचे, असा नेम आहे. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि महामार्गालगतची सातिवली, तर पश्चिमेला समुद्राच्या बाजूने सांडोर, पापडी, गास, नंदाखाल, आगाशी ही जुनी ख्रिस्ती वस्तीची गावे, अशी वसई तालुक्याची ठेवण आहे. उपवासकाळाचा हा इतिहास मुख्यतः पश्चिमेच्या गावांत घडला.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन धर्मगुरूंनी येथे मठ व चर्च उभारले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि धर्मबंधू व दुभाषी म्हणून जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २५ सहकाऱ्यांसह त्याला क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. आपल्याच मातीतला माणूस येशूच्या वाटेने मरणाला सामोरा गेला, या जाणिवेने दुःखसहनाची कथा वसईकरांना जवळची झाली. गास येथील चर्च त्याच्याच नावाचे आहे.

चर्चमधील मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. दुःखसहनाची कथा लोकांच्या भाषेत आणली ती पुराणांनी. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. १६५९ साली लिस्बनमध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश याचे ३६ अध्यायांचे पुराण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय येशूचे दुःखसहन व मरण हाच होता आणि भाषा उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीची. लिपी मात्र रोमन होती. उपवासकाळात ते घरोघरी गायले जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलेही गेले. पुराण ऐकण्याची रीत या लोकांना आधीपासून ठाऊक होती. त्यामुळे गेथशेमनी बागेतली येशूची व्याकुळता आणि क्रूसाखाली उभ्या मरियेचा शोक त्यांना आपल्याच बोलीत, आपल्याच ओटीवर ऐकता आला.

१७३९ च्या मे महिन्यात मराठा सेनापती चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी आणि युरोपीय मठवासी निघून गेले, किल्ल्यातले मठ ओस पडले. शेती, केळीच्या बागा आणि मासेमारी यांवर जगणारा स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र जागचा हलला नाही. चर्चची जबाबदारी आता प्रामुख्याने देशी धर्मगुरूंवर आली. राजाश्रय गेल्यावरही धर्म टिकला, कारण प्रार्थना, उपास आणि पुराण यांची सवय घराघरात मुरली होती. १८९६ पासून प्लेगने मुंबई परिसराला ग्रासले, तेव्हा शेजारच्या मुंबई-साष्टीतील ख्रिस्ती वस्त्यांनी वाटेवर आणि अंगणांत क्रूस उभारले. त्यांपैकी अनेक आजही उभे आहेत. परिसरातील कित्येक जुन्या क्रूसांवर खिळे, हातोडा, शिडी ही दुःखसहनाची साधने कोरलेली दिसतात. क्रूसाभोवती जमून शेजारी एकत्र प्रार्थना करीत. घरात मृत्यू झालेल्या माणसाचा शोक अशा रीतीने साऱ्या वाडीचा होई.

या रिवाजांमागचा विचार प्रेषित पौलाच्या रोमकरांस पाठवलेल्या पत्रात सापडतो. संकटाने धीर येतो, धीराने माणूस कसाला उतरतो आणि त्यातून आशा उपजते, असा क्रम तो मांडतो. दुःख ओढवून घ्यावे असे चर्च शिकवत नाही. वाट्याला आलेले दुःख येशूच्या दुःखाशी जोडावे आणि त्यातून दुसऱ्याविषयी कणव वाढावी, ही अपेक्षा आहे. येशूच्या अखेरच्या वाटचालीतले प्रसंग आठवत चालायच्या ‘क्रूसाच्या वाटे’ची १४ स्थाने हाच धडा पायांनी गिरवायला लावतात. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलू लागतो, सहाव्या स्थानी वेरोनिका त्याचा चेहरा पुसते. उपवासकाळाचे चक्रही असेच जोडलेले आहे: पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी जाळतात आणि त्यांचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात.

१९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली आणि पुराणांनी राखलेली भाषा वेदीवर पोहोचली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून आणि ‘सुबोध बायबल’मधून ती समृद्ध केली. वसईची हिरवाई वाचवण्यासाठीच्या ‘हरित वसई’ आंदोलनात पुढे राहून, लोकांच्या हालांसाठी उभे राहणे हा श्रद्धेचाच भाग आहे, हेही त्यांनी कृतीने मांडले. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पुराण गाणारी घरे आज उरली नाहीत म्हटले तरी चालेल, पण क्रूसाची वाट, उपास आणि दान हे तीनही नेम वसईत चालू आहेत. स्वतःचे दुःख सोसताना शेजाऱ्याचे ओझे हलके करणे, हीच या परंपरेतली आध्यात्मिक वाढीची कसोटी राहिली आहे.